दुसरी उपलाट

महिन्याच्या यादीत उपलाट दोनदा यायला लागली होती. एका ओळीत ३८ मुलं, दुसऱ्या ओळीत २१. वेवजी दोनदा, कवाडा दोनदा. उधवा मात्र एकदाच.

तलासरीच्या एका संस्थेसाठी मी फावल्या वेळात एक प्रोग्रॅम सांभाळते. गावोगावच्या लहान मुलांची वजनं-उंची कार्यकर्त्या वहीत लिहून आणतात, कार्यालयात ती संगणकावर चढतात आणि महिनाअखेरीला गाववार यादी छापली जाते. एवढाच त्याचा संसार. यादीतला घोळ माझ्या कानावर आला तोवर चार महिने उलटले होते. यादी रोज हाताळणाऱ्या मावशींनी तक्रारच केली नव्हती. दोन्ही उपलाटींना त्या पेन्सिलीनं एका महिरपीत घ्यायच्या, बाजूला ५९ लिहायच्या आणि पुढच्या गावाला लागायच्या.

"मला वाटलं, पाडे वेगळे केले असतील तुम्ही," त्या म्हणाल्या. "उपलाट केवढं पसरलंय, ताई."

मी डहाणूची. आमच्याकडे चिकूच्या वाड्या आहेत, समुद्र आहे, औष्णिक वीज केंद्र आहे, पण संगणकाची कंपनी नाही. १९९१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांना लगाम लागला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, वाड्या त्यामुळेच टिकल्या. पण प्रोग्रॅमिंग शिकलेल्यानं रोज गाडी पकडून मुंबईला जायचं हे ठरलेलंच. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आमच्या डब्यात पेढे वाटले होते. पुढे २०२० च्या टाळेबंदीत कंपनीनं घरून काम करा म्हटलं, रोजचे पाच तास हातात आले, आणि त्यातले थोडे तलासरीला द्यावेत असं मनानं घेतलं. सवड मिळाली की चारोटीला हायवेवर येऊन पुढची गाडी पकडायची, नाहीतर घरूनच सर्व्हरवर शिरायचं.

प्रोग्रॅम मूळचा माझा नाही. तो लिहिला कोचाईच्या एका मुलानं. बारावीनंतर संस्थेत वह्या उतरवायला म्हणून लागला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून, कार्यालयातल्या जुन्या विंडोजच्या लॅपटॉपवर पीएचपी शिकला. त्याचा कोड वाचताना मला आधी हसू आलं, मग हळूहळू यायचं थांबलं. व्हेरिएबलची नावं मराठीच, फक्त इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: वजन, उंची, पाडा, आईचं नाव. एका ठिकाणी त्यानं टीप लिहून ठेवली होती की पावसात नदी ओलांडून जावं लागतं म्हणून जुलै-ऑगस्टची नोंद उशिरा आली तरी ती 'गैरहजर' धरू नये, आणि खालच्या चार ओळी त्याचीच तजवीज करत होत्या. मोठ्या कंपनीत अशी टीप लिहायला तीन बैठका लागतात. मी कामात आले तोवर त्याला उंबरगावच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी लागली होती. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्यातली पुष्कळ गावं गुजरातेत गेली. तलासरीची माणसं कामासाठी ती हद्द रोज ओलांडतात.

आता त्या दोन उपलाटी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, अक्षरात तसूभर फरक नाही. मग यंत्राला लांबी विचारली. पहिली ५, दुसरी ६. उ, प, ल, काना, ट. पाच झाले. सहावं अक्षर दिसत नव्हतं, पण त्याचा क्रमांक कळला: १३. मग सगळं ध्यानात आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण हा आमच्या धंद्यातला अगदी पहिल्या इयत्तेतला खडा आहे.

या तेराव्या अक्षराशी माझी ओळख संगणकाच्याही आधीची. बारावीनंतर डहाणू रोड स्टेशनजवळच्या क्लासात मी मराठी टायपिंग तीसची परीक्षा दिली. गोदरेजनं १९५५ मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला होता. आमच्या क्लासातली यंत्रं त्या पहिल्या वर्षातलीच असावीत असं त्यांच्या खडखडाटावरून वाटायचं. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग डाव्या हाताशी असलेला दांडा ढकलायचा. त्या एका हिसक्यात दोन कामं व्हायची: रूळ एक घर फिरून कागद वर सरकायचा आणि कागद धरलेली गाडी ओळीच्या सुरुवातीला परत यायची. ही दोन कामं वेगवेगळी आहेत हे सरांनी शीर्षक ठळक करायला शिकवलं तेव्हा कळलं. कागद न सरकवता नुसती गाडी मागे आणायची आणि त्याच अक्षरांवर पुन्हा तीच अक्षरं ठोकायची.

संगणकानं ही दोन कामं दोन अक्षरं म्हणून घेतली. गाडी मागे आण, हे १३ वं. धंद्यात त्याला सीआर म्हणतात. कागद एक ओळ सरकव, हे १० वं, एलएफ. १९६३ च्या सुमारास टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ हे दूरटंकन यंत्र आलं. ते सेकंदाला १० अक्षरं छापायचं, पण गाडी उजव्या टोकाहून डावीकडे यायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी सीआर पाठवायचा, मग एलएफ; कागद सरकेपर्यंत गाडी घरी पोचते. क्रम उलटा केला तर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर गाडी वाटेत असतानाच कुठेतरी मध्यावर उमटायचं. पुढे मल्टिक्स आणि मग युनिक्स या कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांनी ठरवलं की यंत्राची ही कुरकुर फाइलमध्ये कशाला ठेवायची, फाइलमध्ये एक एलएफ पुरे, छापताना काय जोडायचं ते छापणारा बघेल. सीपीएमनं मात्र दोन्ही ठेवले, त्याच्याकडून ते एमएस-डॉसनं घेतले, डॉसकडून विंडोजनं. ॲपलच्या जुन्या मॅकनं तिसरीच वाट धरली, नुसता सीआर; २००१ च्या ओएस टेनपासून तोही एलएफवर आला. लिनक्स युनिक्सच्या वळणाचं. गाड्या, रूळ, घंट्या सगळं भंगारात गेलं तरी प्रत्येक विंडोज फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक गाडी अजून मागे येते.

आमच्याकडे झालं ते असं. प्रोग्रॅम पूर्वी कार्यालयातल्या विंडोजवरच चालायचा. गावांच्या याद्यांचे तुकडे करताना त्या मुलानं पीएचपीला सांगितलं होतं की ज्या यंत्रावर चालतोयस त्या यंत्राची ओळ-खूण धर. विंडोजवर ती सीआर-एलएफ, म्हणून तुकडे स्वच्छ पडायचे. मी मोठ्या शहाणपणानं प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर हलवला. तिथे तीच आज्ञा नुसत्या एलएफवर तोडायला लागली. त्याच्या जुन्या याद्यांमधल्या गावांच्या शेपटीला सीआर चिकटून राहिला. मी नव्यानं भरलेल्या याद्यांत तो नव्हताच. उपलाट दोन झाली. उधव्याच्या सगळ्या नोंदी एकाच यादीतून आल्या होत्या, म्हणून ते वाचलं. दोष त्याच्या कोडचा नव्हता, माझ्या हलवाहलवीचा होता.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट उघडकीला आली. रोज रात्री दोन वाजता सगळ्याची नक्कल काढून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. तिच्यात कुणीतरी कार्यालयातल्या लॅपटॉपवर एक ओळ बदलली होती आणि जतन करताना सगळ्या ओळींना सीआर चिकटले होते. अशा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कुणी चालवायची त्याचं नाव असतं. लिनक्सनं ते नाव शेपटीसकट वाचलं आणि या नावाचा कुणी नाही म्हणून रोज रात्री नकार दिला. निरोपात बॅश या चालवणाऱ्याच्या नावापुढे टोपी घातलेला एक एम दिसत होता. सीआर कागदावर असाच लिहितात. चार महिने नक्कल निघाली नव्हती.

यावरून शहाण्या माणसानं आधी नक्कल काढली असती. मी ठरवलं, आधी सगळे सीआर एकदम गाळून टाकू, मग निवांत नक्कल काढू.

काम दोन मिनिटांचं. फोल्डरातली प्रत्येक फाइल शोध, तिच्यातला प्रत्येक १३ काढ, परत त्याच नावानं ठेव. एका ओळीची आज्ञा. तेव्हा मी तलासरीला कार्यालयातच होते, रात्रीचे साडेनऊ झाले असतील. आज्ञा दिली आणि खिडकीच्या काचा खडखडल्या. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे हादरे बसत आले आहेत. इथली माणसं आवाज आला की आधी लटकणाऱ्या ट्यूबकडे बघतात आणि ती किती हलते त्यावर बाहेर पळायचं की बसायचं ते ठरवतात. ट्यूब फार हलली नाही. आम्ही बसलो. मी पडद्याकडे पाहिलं तर आज्ञा संपली होती, ३१२ फायली झाल्या होत्या आणि खरी पडझड तिथे झालेली होती.

संस्थेचं बोधचिन्ह उघडेना. पीएनजी चित्राच्या सुरुवातीला आठ बाइटांची एक सही असते: १३७, मग पी, एन, जी, आणि मग १३, १०, २६, १०. तो १३ आणि ते १० मुद्दाम घातलेले आहेत. ज्यांनी ही चित्रपद्धत रचली त्यांना माहीत होतं की कुणीतरी एक दिवस मजकूर समजून चित्रातल्या ओळी बदलायला जाणार. तेव्हा फाइल पुढे वाचण्याआधी पहिल्या आठ बाइटांतच ते उघडं पडावं. १९९६ मध्ये मानक झालेल्या त्या आठ बाइटांनी पंचवीस वर्षांनी तलासरीत मला पकडलं. चित्र परत मिळालं असतं, पण कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट नावाचं साधन आम्ही वापरायचो, आणि माझ्या आज्ञेनं त्याचं पोट असलेलं लपलेलं फोल्डरही सोडलं नव्हतं. सगळा जुना इतिहास तिथे दाबून भरलेला असतो. दाबलेल्या मजकुरात १३ कुठेही येतो, त्याचा ओळीशी काही संबंध नसतो. ते सगळे १३ गेले. गिट म्हणायला लागलं की कोठीतली एकही वस्तू ओळखीची वाटत नाही.

आणि निरोपांची फाइल. आयांच्या मोबाइलवर जाणारे छोटे मराठी निरोप तिच्यात होते: वजन कधी, लस कधी, कुणाला कुठे न्यायचं. ती उघडली तर पहिली ओळ नीट, दुसरी चिनी. तिसरी नीट, चौथी चिनी. अशी एकाआड एक. काना, मात्रा, वेलांट्या चिनी चित्राक्षरं झाल्या होत्या आणि क-ख च्या जागी त्रिकोण-कोयत्यांसारखी काही अक्षरं होती. शोधून पाहिलं तर ती कॅनडातल्या आदिवासींची लिपी निघाली. आदिवासी तालुक्याच्या फाइलीत आदिवासींचीच लिपी यावी, फक्त अर्ध्या पृथ्वीपलीकडली! रात्री साडेदहाला मला हे विनोदी वाटलं नाही, आता वाटतं.

कारण दुसऱ्या दिवशी डहाणूला परतताना एसटीत सुचलं. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून जतन करायला गेलं की ते बजावायचं, अशी जतन केलीत तर अक्षरं हरवतील, 'युनिकोड' निवडा. त्या मुलानं निवडलं. नोटपॅडच्या त्या काळच्या भाषेत युनिकोड म्हणजे यूटीएफ-सोळा, प्रत्येक अक्षराला दोन बाइट. सीआरलासुद्धा दोन: १३ आणि शून्य. मी १३ उचलला, शून्य मागे राहिला. बैलाची जोडी तुटली आणि पुढची प्रत्येक जोडी एकेकानं सरकली. याचा उजवा, त्याचा डावा. पुढच्या ओळीच्या शेवटी आणखी एक १३ गेला की दोन बाइट कमी झाले, जोड्या पुन्हा जमल्या. म्हणून एकाआड एक.

एक ओळ मात्र या हिशोबात बसत नव्हती. ती सुरुवातीला नीट होती आणि मध्येच बिघडली होती. लॅपटॉपवर मूळ मजकूर मिळाला तेव्हा पाहिलं, बिघाड 'ऍनिमिया' या शब्दापाशी सुरू होत होता. युनिकोडच्या तक्त्यात या 'ऍ' चा क्रमांक सोळाच्या हिशोबात शून्य-नऊ-शून्य-डी, आणि डी म्हणजे आपला १३. मी गाडी परतवायची खूण म्हणून त्या अक्षराचा अर्धा भाग कापून नेला होता. मराठीचा 'ॲ', अ वर चंद्र असलेला, युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्यात १३ नाही, तो वाचला असता. उलट दिशेनं गेले असते, म्हणजे प्रत्येक १० च्या आधी १३ घुसवले असते, तर 'ऊ' मोडला असता, कारण त्याच्यात १० आहे. ऊर्जा, ऊस, ऊन, सगळे गेले असते. यूटीएफ-आठमध्ये हा धोका नाही, तिथे देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो. हे मला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. माझ्या मुंबईतल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांना गंमत वाटली, पण त्यांच्या फायलींत 'ऊ' येतच नाही.

नक्कल नव्हती, इतिहास नव्हता. त्या मुलाला फोन केला. "आहे ना ताई, माझ्या पेनड्राइव्हवर सगळं आहे," तो म्हणाला. "जाताना घेऊन ठेवलेलं. कुणी मागंल म्हणून." रविवारी सुट्टी होती, तो तलासरी नाक्यावर आला. पेनड्राइव्हबरोबर घरच्या आंब्याची पिशवी. मी काय केलं ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गिटच्या फोल्डरात पण?" त्या 'पण'मध्ये जे होतं ते मी अजून विसरले नाही.

दुसऱ्यांदा मात्र आधी नुसती यादी काढली. कुठल्या फाइलीत सीआर-एलएफ, कुठल्या फाइलीत एलएफ, कुठे दोन्हींची खिचडी. गिट हे एका आज्ञेत सांगतं, विचारायची बुद्धी हवी. चित्रं बाजूला काढली. यूटीएफ-सोळाची फाइल आधी यूटीएफ-आठमध्ये उतरवली. कार्यालयातल्या लॅपटॉपवर डबल क्लिकनं चालणाऱ्या दोन बॅट फायली होत्या, त्यांना हात लावला नाही. नुसता एलएफ ठेवला तर विंडोज त्यातल्या उड्या चुकतं. उरलेल्या फायली डॉस-टू-युनिक्स नावाच्या जुन्या साधनानं बदलल्या. ते चित्रं किंवा मजकूर नसलेलं काही दिसलं की आपणहून बाजूला होतं. आणि गिटला एका छोट्या फाइलीत कायमचं सांगून ठेवलं की कोठीत सगळं एलएफ, बॅट फायली सीआर-एलएफ, चित्रांना शिवायचं नाही. जुन्या लॅपटॉपवरचं नोटपॅड एलएफच्या फाइली एका लांबलचक ओळीत दाखवायचं, ही सवय मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये मोडली, पण आमच्या लॅपटॉपवर विंडोज सातच होतं. तिथे दुसरा संपादक टाकून दिला.

काम चोख झालं असं मी धरून चालले होते. पंधरा दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. पाळी संपवून घरी जाताना तो मोबाइलवर आपला जुना कोड बघत होता.

"ताई, माझ्या ओळी कुठे गेल्या?"

ओळी जागच्या जागी होत्या. पण गिटमध्ये प्रत्येक ओळीच्या शेजारी ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव येतं. शेवटचं अदृश्य अक्षर काढलं म्हणजे ओळ बदलली. पावसाळ्यात नदीपलीकडच्या नोंदींची तजवीज करणाऱ्या त्या चार ओळी, वरच्या टिपेसकट, आता माझ्या नावावर होत्या. तारीखही माझी. ३१२ पैकी ज्या फायली बदलल्या त्या सगळ्यांत वरपासून खालपर्यंत मीच.

त्याला नोकरीसाठी कुठे दाखवायचं होतं का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. "असंच बघत होतो."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गिटमध्ये यावर इलाज आहे. ज्या बदलांकडे दुर्लक्ष करायचं त्यांचे क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवले की ओळीचा मालक शोधताना गिट त्यांना ओलांडून मागच्या माणसापर्यंत जातं. ही सोय मला ठाऊक होती. कंपनीत मी ती वापरली आहे, कारण तिथे कुणी विचारलं असतं. इथे कुणी विचारेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच रात्री ती फाइल टाकली, क्रमांक लिहिला आणि त्याला पुन्हा बघायला सांगितलं. त्याचं नाव परत आलं. जिथे मी खरोखर काही लिहिलं होतं तिथे माझं राहिलं; मोजल्यावर ते वाटलं होतं त्याहून पुष्कळ कमी भरलं.

महिनाअखेरीला यादी छापली. मी मुद्दाम तलासरीला गेले होते. मावशींनी कागद घेतला, पेन्सिल काढली, उपलाटीपाशी आल्या. एकच ओळ, ६१ मुलं. त्या खाली बघत गेल्या, पान उलटलं, परत वर आल्या.

"ताई, दुसरी उपलाट राहिली ना छापायची?"

मी सांगितलं, ती चुकून येत होती, आता एकच येईल, बेरीज आतच होते. त्यांनी मान डोलावली. मग वही उघडून उपलाटीची मुलं एकेक करून मोजायला घेतली.